लाडवाच्या डब्यातली ओढणी

घरात लग्न निघालं की नवरीच्या बापाला काहीतरी बिनधोक काम लावून द्यावं, नाहीतर तो हॉलवाल्याशी, केटररशी आणि शेवटी स्वतःच्या मेव्हण्याशी भांडतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. हे मत तिने माझ्यासमोर माझ्याच मेव्हण्याला सांगितलं. मी त्याच्याशी भांडलो होतो हे खरं, पण ते तत्त्वाचं भांडण होतं. त्याने पत्रिकेत माझ्या नावापुढे कंसात 'निवृत्त' असं छापायचं सुचवलं होतं. लग्न मुलीचं आणि निवृत्ती माझी, यांचा संबंध काय ते त्याने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तर मला मिळालेलं बिनधोक काम असं होतं. समीक्षाची लग्नातली ओढणी आमच्या जुन्या शेजारीण योगिनी वहिनींकडे पोचवायची, त्या कडेने मोती लावणार, लावून झाले की आणायची. एवढंच. उभा जन्म कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात गेलेला माणूस मी, एका ओढणीची ने-आण करताना माझ्या हातून काय बिघडणार होतं?

ओढणीबद्दल मात्र आधी सांगायला हवं, कारण मुळात ती ओढणी नव्हतीच. ती टीव्हीवरचा रुमाल होती.

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लांबलचक सामाईक गॅलरी होती. दुपारी ओटे आवरले की गॅलरीत चटया पडायच्या आणि ठमाबाई सगळ्या बायकांना क्रोशाचं विणकाम शिकवायच्या. त्या काळी कुठलीही वस्तू उघडी ठेवणं आमच्याकडे असभ्य मानत. टीव्हीला रुमाल, फ्रिजला रुमाल, माठाला रुमाल. दौलतरावांनी, म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, नवा टेलिफोन घेतला तेव्हा त्यालाही रुमाल झाला आणि मग तो वाजला की आधी रुमाल काढेपर्यंत फोन बंद पडायचा. आमच्या टीव्हीचा रुमाल माझ्या बायकोने, सरोजने केला होता. पांढऱ्या दोऱ्याची जाळी आणि मधोमध चोचीला चोच लावलेले दोन मोर. म्हणजे ती त्यांना मोर म्हणते. मला ते पहिल्यापासून टेबलफॅन वाटत आलेत, पण मी तसं कधी बोललो नाही. संसार असाच टिकतो.

हा रुमाल डोक्यावर घेऊन समीक्षा लहानपणी रोज गॅलरीत लग्न करायची. नवरा बदलता असायचा. कधी समोरचा बंटी, कधी गच्चीवरचं मांजर, कोणीच नसलं तर लोड. नवरी मात्र तीच आणि रुमालही तोच. मी बातम्या लावायला यायचो तर टीव्ही उघडाबोडका. मी ओरडायचो, की धूळ बसते, आत धूळ जाते. आता वाटतं, बसली असती थोडी धूळ तर काय मोठं आभाळ कोसळणार होतं.

पुढे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. गॅलरी पडली, माणसं भाड्याने जिथे परवडलं तिथे पांगली. आम्ही वर्तकनगरातच मागच्या गल्लीत राहिलो, योगिनी वहिनी घोडबंदर रोडला मुलाच्या टॉवरमध्ये गेल्या, शेवंती वहिनी डोंबिवलीला, ठमाबाई कल्याणला. आणि समीक्षाने कोपरीच्या हर्षितशी लग्न ठरवलं तेव्हा तिने आईला एकच गोष्ट मागितली. डोक्यावर तो रुमाल हवा. रुमाल टीव्हीच्या मापाचा, नवरी नवरीच्या मापाची. मग सरोजने मधले मोर तसेच ठेवून चारी बाजूंनी विणायला घेतलं. दुपारभर विणायची आणि संध्याकाळी बोटं गरम पाण्यात धरून बसायची, कारण आता तिची पेरं सुजतात. ओढणी पुरी झाली तेव्हा डॉक्टरांनी तिची सुई कायमची बंद केली. म्हणून मोती लावायला बाहेर द्यायचे होते, आणि म्हणूनच या ओढणीला काही झालं असतं तर दुसरी होणार नव्हती.

त्यात साखरपुड्याला मी जरा बोलून बसलो. हर्षितची माणसं कोपरीची जुनी. एके काळी मिठागरं आणि भातशेती, आता जिथे भात होता तिथे त्यांच्या चार इमारती. त्याच्या आई, तुळसाबाई, अंगाने भारदस्त आणि बोलायला कमी. त्या म्हणाल्या, ओढणी बुटिकमधून आणू, भारीतली. समीक्षा म्हणाली, ओढणी मी आईची घालणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "हाताने विणलेली आहे. अशी तुम्हाला अख्ख्या ठाण्यात मिळायची नाही."

तुळसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बगू की."

हे दोन शब्द पुढे कित्येक दिवस माझ्या कानात होते.

सरोजने ओढणी मलमलमध्ये गुंडाळून लाडवाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. पिशवीत चुरगळेल म्हणे. झाकणावर टिंबाटिंबांनी 'सौ. सरोज' असं नाव कोरलेलं आहे. तो डबा मांडीवर घेऊन मी घोडबंदर रोडला गेलो. बस कासारवडवलीच्या अलीकडे इतका वेळ उभी होती की शेजारच्या बाईंनी मला डब्यात काय आहे ते विचारून, ऐकून, कडेला मोत्यांऐवजी टिकल्या लावाव्यात असा सल्लाही देऊन टाकला.

टॉवरच्या गेटवर एक मोबाईल घेतलेला सिक्युरिटी होता. अॅपमध्ये एंट्री केल्याशिवाय आत जाता येत नाही. अॅपला माहीत असलेले माणसांचे प्रकार चार. गेस्ट, डिलिव्हरी, कॅब आणि कामवाली. मी म्हटलं गेस्ट. त्याने वहिनींना फोन लावला, वहिनींनी उचलला नाही, कारण त्या माझ्यासाठी पोहे करत होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि डिलिव्हरी दाबलं. डिलिव्हरी दाबल्यावर वहिनींच्या मुलाने ऑफिसातून लगेच होकार दिला. मग मला सर्व्हिस लिफ्टने पाठवलं. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर एक गादी होती. वर दार उघडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, किती उशीर." मी डिलिव्हरी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो, चेष्टाच होते.

आठवड्याने मी डबा आणायला गेलो. या खेपेला मी स्वतःच डिलिव्हरी म्हणालो आणि लगेच सोडलं. मोती फार सुंदर लागले होते. वहिनी पूर्वीपासून रुखवतात मोत्यांचा कलश, मोत्यांचा नारळ असलं काहीबाही करतात, त्यामुळे हात बसलेला. त्यांनी ओढणी घडी करून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मी निघालो. लिफ्टपाशी मला डबा जरा जड वाटला, पण म्हटलं मोती आहेत.

घरी सरोजने डबा उघडला तेव्हा ओढणीवर बेसनाचे लाडू होते.

"योगिनी वेडी आहे का?" मी म्हणालो.

"अहो, डबा रिकामा कसा देणार ती?"

"रिकामा नव्हता. त्यात ओढणी होती."

"ओढणी आपली. तिचं काय होतं त्यात?"

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हा आमच्या गॅलरीचा कायदा होता आणि गॅलरी पडली तरी कायदा पडला नव्हता. लाडू कागदात होते, पण वहिनींच्या हाताला तूप सढळ. एका कोपऱ्यावर तळहाताएवढा तुपाचा डाग पडला होता.

दौलतरावांनी 'जुने शेजारी' नावाचा ग्रुप चालवलाय. सरोजने तिथे विचारलं आणि उपायांचा पाऊस पडला. टाल्कम पावडर लावा, बेसन लावा, भांड्याचा साबण लावा, कोणीतरी पेट्रोल म्हणालं. दौलतरावांनी लिहिलं की असे निर्णय घाईने घेऊ नयेत, सर्व सभासदांचं मत घ्यावं. बिल्डिंग पडली तरी माणूस सेक्रेटरीच. मी सरळ ड्रायक्लीनरकडे गेलो.

दुकान एसीचं. काउंटरवरच्या मुलीने ओढणी उलटसुलट केली. "सर, लेबल?"

"घरी केलेली आहे."

"ब्रँड टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, सर."

मी डब्याचं झाकण तिच्यासमोर धरलं. तिने निमूटपणे ब्रँडच्या जागी 'सौ. सरोज' टाकलं. पुढचं पान उघडलं. तिथे विचारलं होतं, धुण्याच्या सूचना काय. मी म्हटलं, जपून. तसा पर्याय त्यात नव्हता. शेवटी मशीनमधून एक कागद आला, की जाळी फाटल्यास, मोती निघाल्यास किंवा वस्तू नाहीशी झाल्यास जबाबदारी गिऱ्हाइकाची, इथे सही करा. नाहीशी झाल्यास? मी ओढणी उचलून डब्यात घातली आणि बाहेर पडलो.

मग ठरलं की डागावर एक जरीचं फूल बसवायचं. शेवंती वहिनींनी डोंबिवलीला ब्लाउजवर आरीवर्क करायचा क्लास काढलाय, त्यामुळे डबा घेऊन मी डोंबिवलीला. शिळफाट्यावर ट्रॅफिकमध्ये जे काही होतं ते मी सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. वहिनींना मी दारातच बजावलं, की फूल एकच, आणि डब्यात खायचं काहीही घालायचं नाही.

"रिकामा?" त्या म्हणाल्या. मी काहीतरी वंगाळ बोललो असेन असा त्यांचा चेहरा झाला.

त्यांनी शब्द पाळला. डब्यात खायचं काही घातलं नाही. पण मन काही मानेना, म्हणून एका फुलाऐवजी चार कोपऱ्यांवर चार फुलं केली. एकाच कोपऱ्यावर फूल ठेवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, बाकीचे तीन काय विधवा आहेत का. आणि फूल म्हणजे नुसतं फूल नव्हे, पानं, कळ्या, एकेक पोपट. दिसायला सुरेख. पण घरी समीक्षाने ओढणी डोक्यावर घेतली तशी चारी पोपटांनी मिळून ती खाली ओढली आणि मधे, मोराच्या शेपटीपाशी, बारीक टर्र असा आवाज झाला. एक टाका सुटला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सरोजने सुई हातात घेऊन बघितली. बोटं वळेनात. तिने सुई डबीत ठेवली आणि ती आत भाजी बघायला गेली. भाजी गॅसवर नव्हतीच. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

आता एकच माणूस उरलं होतं. ठमाबाई. मी म्हटलं, उद्याच कल्याणला जातो. सरोजने ठमाकाकूंसाठी कैरीच्या लोणच्याची बाटली भरून दिली, कारण म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हाही गॅलरीचाच कायदा. बाटली वेगळ्या पिशवीत न्या, असं ती दोनदा म्हणाली. आता माझ्या एका हातात डबा, खांद्याला छत्री, त्यात आणखी पिशवी. मी बाटलीचं झाकण स्वतः पिळलं. झाकण, आटे, वायसर या गोष्टी मी आयुष्यभर कागदावर काढलेल्या आहेत. घट्ट म्हणजे काय ते मला बायकोने सांगायची गरज नाही, असं मी मनात म्हणालो आणि बाटली डब्यात ओढणीच्या मधोमध, मऊ जागी, आडवी ठेवली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. काकूंनी डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाल्या, "मोहरी झकास फेसलीय सरोजने."

तेल दोन्ही मोरांवर पसरलं होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. योगिनी वहिनींना वेडी म्हणणारा मी, शेवंती वहिनींना दारात सूचना देणारा मी. काकूंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. ओढणी साबणाच्या पाण्यात घातली, उन्हात टाकली, तोवर मला गॅलरीतल्या एकेका घराची खबर विचारली. दिसायला आता कमी दिसतं, पण टाका त्यांनी बोटांनी चाचपून घातला. म्हणाल्या, "हे मोर माझ्या चटईवर झालेत, महिपत. सरोजला तेव्हा उलटा टाका जमायचा नाही. रडायची." तिखट गेलं, तेल गेलं, पण पिवळा डाग मोरांना सोडेना. "हळद आहे रे ती. ती का जाते?" निघताना त्यांनी डब्यात चिमूटभर साखर घातली. नको म्हणायची माझी लायकी उरली नव्हती.

घरी सरोज म्हणाली, यावर एक मोठा जरीचा पट्टा लावून टाकू.

"मोर झाकायचे नाहीत," समीक्षा म्हणाली. "मग माझ्या डोक्यावर राहिलं काय? पोपट?"

"पण डाग दिसतोय ना गं."

समीक्षाने ओढणी मांडीवर घेऊन मोरांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "राहू दे, बाबा. त्यांची बुटिकची घालते." ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी हळद. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन तुळसाबाई कोपरीहून दहाबारा बायकांना घेऊन आल्या. एका हातात हळदीची वाटी आणि दुसऱ्या हातात बुटिकचा खोका, बहुतेक समीक्षाने हर्षितला सांगितलं असावं. सगळ्या आत गेल्या आणि पाटाशेजारी आमची ओढणी घडी करून ठेवलेली होती, ती तुळसाबाईंनी उचलली. मी मुद्दाम दाराबाहेरच्या चपला नीट लावायला घेतल्या. पण त्यांनी हाक मारलीच.

"व्याही, ही का ती ओढनी?"

"हो."

त्यांनी ती पूर्ण उलगडली. सगळ्या बायका बघायला लागल्या. "डाग कसला ह्यो?"

खोटं काय बोलणार? "लोणच्याचा," मी म्हणालो. "कैरीच्या."

तुळसाबाईंनी ओढणी नाकाला लावली. कोपरीच्या एकदोन पोरी फिसकन हसल्या. "कोनी घातलाय लोनचा?"

"मी," सरोज पुढे होऊन म्हणाली. तिला वाटलं असणार, बोलणं खायचं तर आपण खाऊ.

"वास बरा हाय. बाटली उरलीय का यकादी?" तुळसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी डागावर नखाने खरवडून बघितलं. "जाला तरी काय, हलदच ना ही? आज पोरीचे अंगाव हलद, भिंतीव हलद, माजे लुगऱ्याव हलद. ओढनीनंच काय घोरं मारलंय?"

आणि हर्षितच्या उष्ट्या हळदीच्या वाटीत चार बोटं बुडवून त्यांनी ती सरळ मोरांवर टेकवली. तुळसाबाईंनी सरोजचा हात धरून वाटीत घातला आणि तिची सुजलेली बोटं आपल्या बोटांशेजारी उमटवली. मग करवलीने, मग बाकीच्या बायकांनी. लोणचं कुठे संपलं आणि हळद कुठे सुरू झाली ते आता कोणाला सांगता आलं नसतं, मलाही नाही. समीक्षा पाटावर बसल्या बसल्या हसत होती आणि डोळे पुसत होती, त्यामुळे तिच्या गालांवर हळदीचे ओघळ झाले.

"मोर ब्येस हायेत," तुळसाबाई म्हणाल्या. त्यांना एका नजरेत मोर दिसले. याचं मला थोडं वाईटच वाटलं. बुटिकचा खोका त्यांनी तसाच परत नेला.

लग्नात समीक्षाने तीच ओढणी घेतली. पोपटांचं ओझं वाटू नये म्हणून योगिनी आणि शेवंती वहिनी दोन्हीकडून ओढणीची टोकं धरून तिच्यामागे चालत होत्या आणि त्यांच्यात कोण पुढे यावरून बारीक धुसफुस चालली होती. फोटोग्राफरने मला बाजूला घेऊन विचारलं, की मधला हळदीच्या बोटांचा पॅटर्न कोणत्या डिझायनरचा. मी म्हटलं, सौ. सरोज. दौलतरावांनी हे ऐकून ग्रुपवर अभिनंदनाचा ठराव मांडला.

पाठवणीला ओढणी त्याच लाडवाच्या डब्यात घालून समीक्षाबरोबर कोपरीला गेली.

काही दिवसांनी हर्षित स्कूटरवरून येऊन दारातून डबा देऊन गेला. समीक्षाने दिलाय म्हणाला, घाईत होता, चहालाही थांबला नाही. मी डबा हातात घेतला तर जड. झाकण उघडलं. आत लाडू होते. वळलेले कसेतरी, एक मोठा, एक लहान, दोनतीन बसलेले. तिने स्वतः केलेले, हे सांगायला नको होतं.

सरोज खूश झाली. "बघा, पोरीला वळण लावलंय मी. डबा रिकामा नाही धाडला."

मी लाडू तोंडात घातला आणि हातातल्या डब्याकडे बघितलं. शाळेतून, कॉलेजातून, ऑफिसातून या पोरीने किती डबे रिकामे आणून ओट्यावर टाकले असतील. न विसळलेले, झाकण एकीकडे, डबा एकीकडे, आत पोळीचा वाळका तुकडा. मी ओरडायचो. अरे, घरच्या माणसाने डबा रिकामाच आणायचा असतो. रिकामा द्यायचा नसतो तो दुसऱ्याच्या घरचा.

सरोजने लाडू बरणीत काढले, डबा धुतला, पुसला आणि फळीवर ठेवायला निघाली. मी तो तिच्या हातातून घेतला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"डबा द्यायला. कोपरीला."

"अहो, डबा आपलाच आहे तो."

"माहीत आहे. घाल काहीतरी त्यात."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आत गेली, लोणच्याची बरणी काढली आणि तुळसाबाईंसाठी बाटली भरली. डब्यात पोरीसाठी चकल्या घातल्या. बाटली मात्र तिने वेगळ्या पिशवीत, दोन गाठी मारून, माझ्या दुसऱ्या हातात दिली.